डीएनएच्या नादात झाडांची नावं किती वेळा बदलायची?

रानभटक्या: बाभळीला शास्त्रीय नावात इतकी वर्षं अकेशिया म्हणत आलो, आता म्हणे व्हॅचेलिया म्हणा. खैर गेला सेनेगालियात. रोजमेरीचं झुडूप २०१७ च्या अभ्यासानंतर साल्वियात. माझ्या वहीत जुनी नोंद शोधायची तर दोन-दोन नावांनी पानं चाळावी लागतात राव, झाड तेच काटे तेच आणि कुठेतरी लॅबमध्ये जीन वाचले म्हणून पाठांतर आम्ही करायचं? पुस्तकात काय ते बदला, फील्डवर जुनी नावं राहू द्या.

खोडकर: झाड तेच, पण नातं चुकीचं लावलेलं होतं त्याचं काय? साग बघा. आधी व्हर्बिनेसी कुळात, आता लॅमिएसीत, म्हणजे तुळशीच्या घरात. हसू येतं, पण सागाची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते, पानं समोरासमोर. तुळशीची काडीही तशीच.

रानभटक्या: घाणेरीची काडीपण चौकोनीच असते की, पानंही समोरासमोर. ती बरी व्हर्बिनेसीतच राहिली!

खोडकर: हा, इथे पकडलंत. पण मग माझाच मुद्दा झाला ना, नुसतं काडी-पानं बघून साग कुणाचा नि घाणेरी कुणाची हे कळत नाही, म्हणून तर जीन वाचायचे. कमळ दिसायला वॉटरलिलीसारखं, निघालं चिनाराच्या गणातलं, प्रोटिएलीस. डोळ्यांनी कोण ओळखणार होतं?

पानगळ: बाभळीचा राग डीएनएवर काढू नका. डीएनएने एवढंच दाखवलं की जुना अकेशिया म्हणजे एक घराणं नाही, वेगवेगळी घराणी एका नावाखाली कोंबलीत. आता अकेशिया हे नाव कुणाकडे ठेवायचं हे माणसांनी ठरवलं. नियमाने ते बाभळीकडेच राहायला हवं होतं, कारण त्या नावाचा नमुना, म्हणजे नाव ज्या जातीला कायमचं बांधलेलं असतं ती, बाभूळच होती, पण ऑस्ट्रेलियातल्या हजारेक जातींची नावं बदलायला लागली असती म्हणून २००५ ला व्हिएन्नात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय काँग्रेसमध्ये नमुनाच बदलला आणि २०११ ला मेलबर्नमध्ये त्यावर शिक्का बसला. मला स्वतःला ते अजून खटकतं.

रानभटक्या: म्हणजे मोठ्या संख्येपुढे बाभूळ हरली. मग तर मी अकेशियाच लिहिणार. सावर जास्वंदीच्या कुळात गेली ते मात्र पटलं, फुलातला पुंकेसरांचा झुबका बघून तसंही वाटायचंच.

खोडकर: लिहा की, पण बाजूला व्हॅचेलियापण लिहा, नाहीतर उद्या तुमची वही वाचणाऱ्याला वाटेल ऑस्ट्रेलियातलं झाड आहे.