मदत हवी आहे : सुट्टीत घरून ग्रंथालय कसं वापरू?

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत साक्रीजवळ गावी आले आहे. एम.ए.चा प्रकल्प कानबाईच्या (आमच्या खानदेशातली देवी) अहिराणी गाण्यांवर आहे. आजी रोज एकेक गाणं म्हणते, मी वहीत उतरवते. असा खजिना पुस्तकात क्वचितच मिळेल! संदर्भ मात्र कॉलेजच्या ग्रंथालयातच राहिले.

शोधगंगेवरचे (पीएच.डी. प्रबंधांचं संकेतस्थळ) प्रबंध लॉगिनशिवाय उघडतात, पण ‘अहिराणी’ देवनागरीत शोधलं की वेगळे निकाल, इंग्रजी अक्षरांत वेगळे. एन-लिस्टचा (कॉलेजमार्फत मिळणारी ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांची सेवा) पासवर्ड चालत नाहीये आणि ग्रंथपाल सरही सुट्टीवर. पासवर्ड घरूनच बदलता येतो का? नॅशनल डिजिटल लायब्ररीत लोकगीतं नेमक्या कोणत्या शब्दांनी शोधावीत? रेंज फक्त घराच्या धाब्यावर चढल्यावर मिळते, म्हणून डाउनलोड करून नंतर वाचता येईल असंच सुचवा. कुणाकडे कानबाईची गाणी असतील तर तीही हवीत.