जोर-बैठकांची गणती वाढवावी काय?

शहापूरकर:
तालमीतलं पोरगं १६ वर्षांचं, वजन ५४ किलो, ५५ च्या गटात खेळतंय. पहाटे ३०० जोर, ८०० बैठका, संध्याकाळी मॅट. राज्याच्या खाली समाधानच नाही त्याचं. पण कुस्तीच्या दुसऱ्या २ मिनिटांत हात सुटतात, एकेरी पट (समोरच्याचा एक पाय धरून पाडायचा डाव) अर्ध्यावर राहतो. बैठका १५०० कराव्यात काय ओ?

लालमाती:
नको. जिद्द बरोबर आहे, माप चुकतंय. त्याचे शेवटचे १०० जोर बाजूला बसून बघा: कंबर लोंबते, कोपरं फाकतात, छाती दोन्ही हातांच्या मधून जातच नाही. ते जोर वहीत चढतात, पण अंगाला अर्धवट जोराचीच सवय लागते. २५-२५ चे संच लावा. ज्या संचात आकार बिघडला, तिथं त्या दिवसाचे जोर संपले. १८० झाले तर १८० च लिहायचे. खरं लिहायला छाती लागते, पण माप तेच.

मॅटवाला:
मातीत जुन्या रीतीची कुस्ती चीतपटीपर्यंत चालते. मॅटवर त्याच्या वयाला २-२ मिनिटांचे दोन भाग (मोठ्यांना ३-३), मधे ३० सेकंद, आणि फ्रीस्टाइलला १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. ८०० बैठकांचा संथ दम इथं पुरत नाही. आठवड्यातून दोनदा हे करा: ३० सेकंद पूर्ण ताकदीनं पट मारणं, ३० सेकंद नुसती हातापायी, असं २ मिनिटं, ३० सेकंद विश्रांती, पुन्हा २ मिनिटं. पुन्हा केलं तर जोडीदार ताजा घ्या.

पट अर्ध्यावर राहतो तो बहुतेक वेळा पावलामुळं. दमलेला पैलवान पाय न घालता नुसते हात टाकतो, डोकं खाली जातं आणि मान समोरच्याच्या काखेत अडकते. आपला गुडघा समोरच्याच्या दोन पायांच्या मधे, डोकं त्याच्या बरगडीला चिकटून वर, हात त्याच्या गुडघ्यामागं. विरोध करणाऱ्या जोडीदारावर १० पैकी ८ पट असे लागले, तरच पुढचा डाव.

मॅटचा सराव वेगळाच लागतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला सहावे आले तेव्हा मॅट त्यांना नवीनच होती. चार वर्षांनी, १९५२ ला, हेलसिंकीत कांस्य घेतलं.

शहापूरकर:
सुट्टीच घेत नाही ओ तो. कधी वजन ५५ च्या वर गेलं की गटात बसायला स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाणीही तोडतो.

लालमाती:
हे आधी बंद करा. अंगातलं पाणी २ टक्के घटलं तरी दम कमी पडतो. ५४ किलोला ते जेमतेम किलोभर. वजन स्पर्धेच्या सकाळीच होतं, भरपाईला वेळ कुठला? रोज सकाळी लघवीनंतर वजन घ्या. महिनाभर ५५ च्या वर राहिलं तर गट बदला, वाढतं वय आहे. उठल्या उठल्या नाडी मोजायला लावा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त, तेही सलग दोन दिवस, तर मॅट बंद, फक्त मालिश आणि चालणं. रविवार मोकळाच ठेवा, आणि वहीत "विश्रांती" हा शब्द त्यालाच लिहू द्या.