पॅकियाओचे आठ वजनी गट: मोजायचे कसे?

डावखुरा (धागाकर्ता)
जून २०२५ मध्ये फिलिपिनो बॉक्सर मॅनी पॅकियाओ बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोर बॉक्सरांच्या मानाच्या यादीत) गेला आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या ४६व्या वर्षी, मारियो बारिओसशी बारा फेऱ्या लढून बरोबरी करून आला. तेव्हापासून जो तो म्हणतोय की आठ वजनी गटांत जगज्जेता म्हणजे सर्वकालीन पहिल्या तिघांत, विषय संपला.

मला हे पटत नाही. पॅकियाओ थोर आहेच, पण 'आठ' या आकड्यामुळे नाही. माझ्या यादीत जुन्या काळचे बॉक्सर हेन्री आर्मस्ट्राँग आणि रॉबर्तो दुरान त्याच्या वर आहेत.

आज सतरा-अठरा गट आणि प्रत्येक गटात आपापला जगज्जेतेपदाचा पट्टा देणाऱ्या चार मोठ्या संघटना आहेत. खालच्या गटांत तर तीन-चार पौंड वाढले की गट बदलतो. आर्मस्ट्राँगच्या काळी गट आठच होते. ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत त्याने फेदर (१२६ पौंड), वेल्टर (१४७) आणि लाइट (१३५) अशी तीन जगज्जेतेपदं जिंकली आणि तिन्ही एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. वजनही लढतीच्याच दिवशी व्हायचं. आदल्या दिवशी सुकून काट्यावर उभं राहायचं आणि रात्रभरात पाणी पिऊन फुगायचं, ही सोय त्याला नव्हती.

आणि पॅकियाओचा आठवा गट? सुपर वेल्टरची मर्यादा १५४ पौंड. त्या पट्ट्यासाठी प्रतिस्पर्धी मार्गारितोशी वजनाचा करार झाला १५०च्या आसपास. त्याआधीच्या लढतीत कोट्टोला वेल्टरच्या १४७ऐवजी १४५वर आणलं होतं. समोरच्याला काट्यावर पिळून घेतलेल्या पट्ट्याला मी पूर्ण मार्क देत नाही.

गल्फकर
कॅचवेटचा, म्हणजे गटाच्या मर्यादेखाली ठरवून घेतलेल्या वजनाचा, मुद्दा कोट्टोबाबत एक वेळ मान्य. मार्गारितोबाबत साफ अमान्य.

त्या वेळी मी दुबईत होतो. पॅकियाओच्या लढतींची अमेरिकेतली शनिवार रात्र म्हणजे आमची रविवार सकाळ, आणि तेव्हा तिकडे रविवार कामाचा दिवस. ऑफिसातले निम्मे सहकारी फिलिपिनो. साडेआठच्या सुमारास अकाउंट्समधली एकही खुर्ची भरलेली नसायची, सगळे पँट्रीत एका लॅपटॉपभोवती. मॅनेजरही तिथेच, हातात चहा.

मार्गारितोच्या लढतीआधी वजनाच्या दिवशी पॅकियाओ भरला १४४.६ पौंड. म्हणजे सवलतीच्या मर्यादेपेक्षाही पाचेक पौंड कमी! रिंगमध्ये उतरताना तो १४८, मार्गारितो १६५. सतरा पौंडांचा आणि जवळपास पाच इंच उंचीचा फरक. तरी त्या माणसाच्या डोळ्याखालचं हाड मोडलं आणि शेवटी शेवटी पॅकियाओच पंचांकडे बघत होता की थांबवा आता. यात पिळलं कुणी कुणाला?

हिशेबनीस
आठ कुठले? सहा म्हणा. चार प्रमुख संघटनांचे पट्टे त्याने जिंकले ते ११२, १२२, १३०, १३५, १४७ आणि १५४ पौंडांत. फेदर (१२६) आणि ज्युनियर वेल्टर (१४०) हे दोन गट 'खरा जगज्जेता कोण' (आधीच्या खऱ्या जगज्जेत्याला हरवेल तो) या परंपरेवर मोजलेत. संघटनेचा पट्टा नाही तर गट नाही. इतका साधा हिशेब आहे.

डावखुरा
@हिशेबनीस, इथे मात्र मी उलट्या बाजूला. तुम्ही जे दोन खोडताय तेच माझ्या मते सर्वांत अस्सल! २००३ मध्ये फेदरचा खरा राजा मार्को अँतोनियो बॅरेरा आहे हे सगळे मानत होते. त्याला सॅन अँटोनिओत, मेक्सिकन प्रेक्षकांसमोर, अकराव्या फेरीत त्याच्याच कोपऱ्याने लढत थांबवेपर्यंत बडवणं हे कुठल्याही रिकाम्या (सध्या कुणाकडेच नसलेल्या) पट्ट्यापेक्षा मोठं. उलट मार्गारितोविरुद्धचा पट्टा रिकामाच पडलेला होता.

ज्युनियर वेल्टरमधल्या हॅटनचंही तेच. १४० पौंडांत तो तोवर अजिंक्य होता. दुसऱ्या फेरीचे शेवटचे सेकंद पुन्हा बघा. हॅटन डावा हुक मारायच्या तयारीत, हनुवटी उघडी, आणि पॅकियाओचा डावा हात आधी पोचतो. हॅटन पडतो तो सरळ पाठीवर. पंचाने आकडे मोजायची तसदीही फारशी घेतली नाही.

आखाडा
पॅकियाओचा मेक्सिकन प्रतिस्पर्धी मार्केझ, त्याला सगळे सोयीस्कर विसरले. चार लढती: एक बरोबरी, दोन निसटते निकाल, आणि डिसेंबर २०१२ मध्ये सहाव्या फेरीत पॅकियाओ तोंडावर आडवा. १३०चा तो पट्टा, मार्च २००८चा, तर स्प्लिट डिसिजनवर (दोन जज एकीकडे, तिसरा दुसरीकडे) मिळाला. तिसऱ्या फेरीत मार्केझ पडला नसता तर पट्टा मेक्सिकोतच राहिला असता. म्हणजे आठातला एक गट एका ठोशावर उभा आहे.

गल्फकर
पाडणं हाही गुणच असतो हो! आणि निसटत्याचाच हिशेब करायचा तर २००४ची बरोबरीही काढा. पहिल्याच फेरीत मार्केझ तीनदा खाली गेला होता. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, आणि समोरच्याचा दर पडण्याला एक गुण कमी; तरी एका जजने ती फेरी १०-६ऐवजी १०-७ दिली आणि नंतर चूक कबूल केली. तो एक गुण धरला तर ती लढत पॅकियाओची.

सावलीमावशी
बॉक्सिंगमधलं मला फारसं कळत नाही, पण मेरी कोमचं आठवतंय. ४८ किलोंपर्यंतच्या गटांत पाच वेळा विश्वविजेती, आणि लंडन ऑलिंपिकला महिलांचा सर्वांत खालचा गटच ५१चा, म्हणून तिला वर जावं लागलं. त्या तीन किलोंवर किती लिहून आलं होतं! उंच मुली, लांब हात. तरी तिने कांस्य आणलं. इथे एक माणूस साधारण ५१ किलोंवरून ७०च्या गटात गेला आणि तुम्ही दोन-चार पौंडांवरून भांडताय.

डावखुरा
मावशी, मुद्दा चांगलाय, आणि मी तो धरतो. ११२वरून तो थेट १२२ला गेला, मधले ११५ आणि ११८ हे गट त्याने मोजणीत घेतलेच नाहीत. मार्च २००८ मध्ये १३०ला लढणारा माणूस त्याच डिसेंबरात १४७ला दे ला होयाला आठ फेऱ्यांत स्टुलावरच बसवून ठेवतो, नववीला उठूच देत नाही. हे वर्ष मला त्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा जास्त वजनदार वाटतं, आणि त्या लढतीत पट्टा नव्हताच.

पण दुरान बघा. १९७२ मध्ये लाइटवेट जगज्जेता. फेब्रुवारी १९८९, वय ३७, समोर सहा फुटांवरचा आयरन बार्कली, ज्याने टॉमी हर्न्सला झोपवलं होतं. त्याच हर्न्सने दुरानला दोन फेऱ्यांत संपवलेलं. दुरानने अकराव्या फेरीत बार्कलीला खाली पाडून मिडलवेटचा पट्टा नेला. चारच गट, पण १३५ ते १६०, आणि काट्यावर कसलीही सवलत नाही.

आखाडा
आणि दुरानचं न्यू ऑर्लिन्स? नोव्हेंबर १९८०, लेनर्डसमोर आठव्या फेरीत पाठ फिरवून लढत सोडली. पॅकियाओ बेशुद्ध पडला, पण पाठ नाही दाखवली.

हिशेबनीस
आखाडा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?

गल्फकर
आर्मस्ट्राँगचंही पूर्ण सांगा की. १९४० मध्ये तो चौथ्या, म्हणजे मिडलवेटच्या पट्ट्यासाठी लढला आणि बरोबरीत अडकला. समोर कोण होता? सेफेरिनो गार्सिया. फिलिपिनो!

डावखुरा
अडकला म्हणजे हरला नाही. आठातले चार गट घेण्याच्या एका निकालाइतका जवळ, तेही वेल्टरचा पट्टा हाताशी असताना. आजच्या सतरांत ते किती होतात याचा हिशेब हिशेबनीसांनीच करावा. माझी क्रमवारी तीच: आर्मस्ट्राँग, दुरान, पॅकियाओ.