मदत हवी आहे: मेस्त (गवंडी) घरचाच, मग मजुरीचं काय करायचं?

डिचोलीत आमच्या जुन्या घरामागे चिऱ्यांची (जांभ्या दगडाची) एक खोली आणि न्हाणी बांधतोय. पंचायतीचा परवाना मिळालाय. पाया खणणं, चिरे वाहणं, माल कालवणं मी आणि धाकटा भाऊ करतो. चिरे लावायला मावसभाऊ येतो. तो पेशाने मेस्त. आठवडाभर दुसऱ्यांची कामं, रविवारी आमचं. पैशांचा विषय काढला की "घरच्या कामाचे कसले पैसे रे?" म्हणून उठतो. जेवणात मात्र हुमण (माशांची आमटी) लागतं, ते आई बघते.

आता अडलंय ते जोत्यावर. तिथे डीपीसीचा (ओल अडवणारा) थर घालावा असं मला वाटतं, कारण चिरा सच्छिद्र, जमिनीतली ओल वर ओढून घेतो. तो म्हणतो, आजोबांच्या घराला कुठे होता? (त्या घराच्या भिंतींना दर पावसाळ्यात पोपडे येतात, पण हे त्याला सांगणार कोण!) फुकट राबणाऱ्या माणसाला, तोही वयाने मोठा, विरोध कसा करायचा?

दुसरं, न्हाणीवरचा स्लॅब. पीपीसी (राख मिसळलेलं, हळू ताकद धरणारं) सिमेंट आहे, म्हणजे निदान 10 दिवस सतत ओला ठेवायला हवा. ते आम्ही करू. पण सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) आणि सळ्या बांधायला त्याच्या ओळखीची माणसं येणार. त्यांची मजुरी मी थेट द्यावी की त्याच्या हातून? आणि त्याला स्वतःला काय द्यावं? चवथीला कपडे दिले तर घेईल, पण तेवढं पुरेसं वाटत नाही. टाइल्स कापायचं चांगलं मशीन दिलं तर?

खोलीवर कौलं मृगाआधी चढवायची आहेत, तेव्हा जरा लवकर सांगा.