शब्दचर्चा : कॅमेऱ्याचा संवेदक रंग 'ओळखतो' की 'टिपतो'?

तापीकाठ, भुसावळ
केळी उत्पादकांनी मालाची छायाचित्रे मोबाइलवर कशी काढावीत, याविषयीच्या इंग्रजी पुस्तिकेचा मी अनुवाद करीत आहे. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात कच्चा घड पिकल्यासारखा दिसतो, परंतु तेथेच उभ्या असलेल्या माणसाला तो हिरवाच दिसतो, याचे कारण त्यात दिले आहे. 'कॅमेऱ्याचा संवेदक रंग ओळखतो' हे माझे वाक्य रावेरच्या एका विज्ञान शिक्षकांनी खोडले. मग क्रियापद कोणते योजावे?

धुळेकर मास्तर
खोडले ते योग्यच झाले. संवेदकावरील प्रत्येक पिक्सेल आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजतो. रंगाच्या बाबतीत तो आंधळा असतो. म्हणून त्याच्यावर रंगीत गाळणी बसवतात. कोडॅकमधील ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत चार पिक्सेलांमागे दोन हिरव्या, एक तांबडी आणि एक निळी अशा गाळण्या असतात. प्रत्येक पिक्सेलला तीनपैकी एकच रंगघटक मिळतो, उरलेले दोन शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून काढले जातात. तेव्हा 'मोजतो' असेच लिहावे.

पांझरेचा पूर
'मोजतो' म्हटले की बाजार समितीतला काटा आठवतो. कोंबडी दाणे टिपते, टिपकागद शाई टिपतो, त्याचप्रमाणे संवेदक प्रकाश टिपतो. मुळात 'संवेदक' तरी कशाला? आमच्याकडे अहिराणीत डोळ्याला 'डोया' आणि पिवळ्याला 'पिवया' म्हणणारा माणूसही 'सेन्सर' सहज म्हणतो.

शब्दनिष्ठ, जळगाव
सहज म्हणतो आणि चित्रपटांच्या 'सेन्सॉर'शी त्याची गल्लतही तितक्याच सहज करतो. 'संवेदक' हा 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूपासून आला आहे आणि तो टिकलाच पाहिजे.

धुळेकर मास्तर
अहो, यंत्र जाणत नाही हाच तर माझा मुद्दा आहे! तुमची व्युत्पत्ती माझ्याच बाजूने बोलते.

सातपुड्याचा पायथा, यावल
मास्तरांचा मुद्दा डोळ्यालाही लागू होतो, हे येथे कोणी लक्षात घेतलेले दिसत नाही. डोळ्याच्या पडद्यातील रंग टिपणारी शंकुपेशीसुद्धा एकटी रंग सांगू शकत नाही, कारण मंद पण अनुकूल तरंगलांबीचा प्रकाश आणि प्रखर पण प्रतिकूल तरंगलांबीचा प्रकाश तिला सारखेच वाटू शकतात. तीन प्रकारच्या पेशींच्या संदेशांची तुलना झाल्यावरच रंग ठरतो. त्यांची सर्वाधिक संवेदनक्षमता साधारण ५६०, ५३० आणि ४२० नॅनोमीटरला असते. पहिल्या दोन प्रकारांचे पट्टे एकमेकांवर इतके चढलेले असतात, की कॅमेऱ्याच्या तांबड्या-हिरव्या गाळण्यांशी त्यांची जोडी नेमकी जुळत नाही. निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी एकूण शंकुपेशींच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतात. केळीच्या घडाचे म्हणाल, तर पिवळ्या दिव्याशी डोळा आणि मेंदू जुळवून घेतात, तर कॅमेऱ्याला श्वेतसंतुलनाचा, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे म्हणून दिव्याची छटा किती वजा करायची याचा, अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकतो. मग 'ओळखतो' हे क्रियापद डोळ्याला तरी कसे चालते?

पांझरेचा पूर
डोळ्याला चालते, कारण डोळ्यामागे माणूस असतो.

तापीकाठ, भुसावळ
तूर्त 'संवेदक प्रकाश नोंदवतो' असे लिहून छपाईला देतो.

शब्दनिष्ठ, जळगाव
'नोंदवतो' चालेल, परंतु 'गाळणी' खटकते. गाळणी चहाची, येथे 'वर्णछन्नक' हवे.

पांझरेचा पूर
तो शब्द आधी केळीच्या एखाद्या व्यापाऱ्याकडून वदवून दाखवा.