अगर प्लेटवर रुजलेल्या बीजाणूंमधून वाण वेगळा कसा काढावा?

प्रश्न
धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूम) छत्रीचा बीजाणू-ठसा, म्हणजे छत्रीतून गळलेल्या बीजाणूंचा थर, फॉइलवर घेऊन तो मी माल्ट अगरच्या (अगर म्हणजे समुद्री शेवाळापासूनचा जेलीसारखा पदार्थ) सहा प्लेटांवर लूपने (तारेच्या कडीने) ओढला. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम माल्ट अर्क व २० ग्रॅम अगर असे माध्यम १५ पौंड दाबाखाली अर्धा तास निर्जंतुक केले होते. आज नववा दिवस आहे. दोन प्लेटांत हिरवी बुरशी आली, त्या न उघडताच बाद केल्या. उरलेल्या प्लेटांत पांढरी वाढ आहे, पण ती एकसारखी नाही: जिथे बीजाणूंचा जाड थर पडला तिथे कापसासारखा गोळा, तर एका कडेला बारीक, सरळ, मुळांसारखे धागे. कोणता भाग उचलावा, आणि उचललेला भाग शुद्ध वाण मानावा का?

उत्तर १
मधला गोळा उचलू नये, कारण तिथे असंख्य बीजाणू एकमेकांत गुंतून रुजलेले असतात. बीजाणूतून आधी एककेंद्रकी (पेशीत एकच केंद्रक असलेला) धागा निघतो, आणि जुळणारा दुसरा धागा भेटल्यावरच द्विकेंद्रकी (पेशीत दोन केंद्रके असलेले) कवकजाल, म्हणजे बुरशीच्या धाग्यांचे जाळे, तयार होते. एरवी फळ धरते ते हेच. धिंगरीत ही जुळणी दोन जनुकस्थानांवर ठरत असल्याने एकाच छत्रीतल्या दोन बीजाणूंची जोडी जमण्याची शक्यता साधारण चारात एक असते. म्हणजेच आपल्या प्लेटवर आज एक वाण नसून अनेक जोड्यांची गर्दी आहे. सरळ धाग्यांच्या अगदी टोकाकडून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून नव्या प्लेटवर ठेवावा, आणि तिथेही वाढीचे वेगवेगळे पट्टे दिसले तर कडेवरून पुन्हा उचलावे. वाढ सर्व बाजूंनी एकसारखी दिसेपर्यंत तीन-चार वेळा असे करावे लागते. ज्योतीत तापवलेले पाते आधी रिकाम्या अगरमध्ये टेकवून निववावे. माझे पहिले कित्येक तुकडे केवळ घाईमुळे भाजून मेले.

उत्तर २
वरील पद्धत योग्यच आहे, पण सरळ धाग्यांवर एवढा भरवसा ठेवणे मला पटत नाही. माल्टवर वेगाने धावणारे कवकजाल भुसकटावर भरघोस फळ देईलच असे नाही, म्हणून निरनिराळ्या कडांवरून चार-पाच तुकडे घेऊन प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि फळ धरेपर्यंत एकही फेकू नये. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांच्या आडपडद्यांपाशी (पेशींमधल्या आडव्या भिंतींपाशी) आकड्यासारखे छोटे जोड दिसले, तर धिंगरीत ते द्विकेंद्रकी असल्याची खूण समजावी. पुढच्या वेळी ठसा थेट न ओढता निर्जंतुक पाण्यात मिसळून तीन-चार वेळा दहापट विरळ करावा. मग वसाहती सुट्या दिसतात, मात्र एका बीजाणूपासून आलेल्या वसाहती आपल्याला जोडीने लावाव्या लागतील.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. एका प्लेटवर चांगल्या धाग्यांशेजारीच ओलसर, चकचकीत, दुधी ठिपका दिसतो. माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून ही प्लेट वाचवता येईल का?

उत्तर १
तो ठिपका जिवाणूंचा दिसतो. बीजाणू पेरायच्या माध्यमात पेरॉक्साइड कधीच घालू नये, ते न रुजलेले बीजाणूही मारते. इथे निराळा उपाय करता येईल: ठिपक्यापासून शक्य तितक्या दूरचा तुकडा कापून नव्या प्लेटच्या तळाशी, अगरच्या थराखाली उलटा सरकवावा. धागे अगर भेदून वर येतात आणि जिवाणू बहुधा खालीच अडकून पडतात, त्यामुळे वर उमटलेल्या धाग्यांची टोके लगेच दुसऱ्या प्लेटवर हलवावीत.