आत्या येणार नसेल तर

दादा: सुट्टीची विमानाची तिकिटं उद्या काढतोय. कोण कोण येतंय ते आज रात्रीपर्यंत कळवा.

आत्या: माझं काढू नकोस रे. तुम्ही जाऊन या. मी घरी मजेत आहे.

मी: दादा, जरा थांब. मागच्या वेळी विमान हेलकावे खायला लागलं तेव्हा आत्याचा हात माझ्या हातात होता. उतरेपर्यंत गार पडलेला होता. तिला घरी ठेवून मला जायचं नाही. या वेळी क्रूझने जाऊया का?

छोटी: क्रूझ!!! स्विमिंग पूल असतो ना?

दादा: अगं, विमान ताशी 800-900 किलोमीटर जातं आणि जहाज फार तर 40. एवढ्याशा सुट्टीत पोचणार कुठे?

मी: पोचण्याची घाई कशाला? बॅगा एकदाच उघडायच्या. रात्री आपण झोपलेलो असताना जहाज चालतं आणि बऱ्याचदा सकाळी नवीन बंदर समोर असतं. आत्याला रांगा नाहीत, पळापळ नाही.

ताई: शिवाय प्रदूषणही कमी.

भाची: नाही गं आई, उलटं आहे. क्रूझ जहाज म्हणजे अख्खं हॉटेल बरोबर घेऊन फिरणं. माणशी दर किलोमीटरचा हिशोब केला तर कार्बन बहुतेक वेळा विमानापेक्षा जास्तच निघतो. 2020 पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक 3.5 वरून 0.5 टक्क्यावर आणलंय, त्याने हवा सुधारते, पण कार्बन तेवढाच राहतो. आत्याआजीसाठी जाऊया, हे कारण पुरेसं आहे. त्याला पर्यावरणाचं नाव नको द्यायला.

मी: पटलं.

वहिनी: पण मला बोट लागते त्याचं काय? तलावातल्या होडीतसुद्धा लागली होती.

काका: इतकी वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, म्हणून सांगतो. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्यायची. सी-सॉचा मधला भाग जसा कमी हलतो, तसंच तिथे. वरची बाल्कनीवाली केबिन फोटोत छान दिसते, पण डोलते जास्त. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यांनी डावं-उजवं डोलणं बरंच कमी होतं. पुढे-मागे होणारं हलणं मात्र ते थांबवत नाहीत. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये मोबाइल बघत पडू नकोस, डेकवर ये आणि क्षितिजाकडे बघ. कान सांगतो हलतंय, डोळे सांगतात स्थिर आहे, या भांडणात पोट बिघडतं. गोळी घेणार असशील तर त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची, आणि डॉक्टरांना विचारून.

वहिनी: नदीतली क्रूझ चालेल का? तिथे लाटा नसतात.

काका: तुझ्यासाठी तीच उत्तम. जहाज लहान, दोन्ही काठ दिसत राहतात. फक्त पाणी फार वाढलं किंवा आटलं की मार्ग बदलतो, तेवढी तयारी ठेवायची.

दादा: आत्याच्या बीपीचं काय? मध्येच काही झालं तर?

काका: समुद्रातल्या मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो, हॉस्पिटल नसतं. नदीतल्या बोटीवर डॉक्टर असेलच असं नाही, पण किनारा जवळ असतो. कुठलीही घेतली तरी पेशंटला बोटीवरून हलवण्याचा खर्च देणारा विमा आधी काढायचा. यात कंजुषी नको. आणि जहाजावर सुरक्षेच्या सरावाला सगळ्यांनी जायचं, पूलवाल्यांनीसुद्धा. 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली, 32 माणसं गेली. शेवटच्या बंदरात चढलेल्या बऱ्याच जणांचा तोवर सरावच झाला नव्हता. आता तो जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावाच लागतो.

ताई: हात साबणाने धुवायचे हेही लिहा. जहाजावर पोटाचा जो विषाणू पसरतो, त्याला नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

मी: आणि दादा, रेल्वेने गाठता येईल असंच बंदर बघ. बऱ्याच क्रूझ सुरू होतात तिथे पोचायला विमानच लागतं. मग आत्यासाठी काय केलं?

दादा: आत्या, तू बोल. आम्हीच बोलतोय मघापासून.

आत्या: पाण्याची मला भीती नाही रे. खाली काय आहे ते दिसतं तरी. पण माझ्या एकटीसाठी सगळ्यांचा बेत मोडू नका.

छोटी: आत्याआजी, तू माझ्या केबिनमध्ये.

आत्या: बरं. खिडकीजवळ मी झोपणार.

दादा: नदीची क्रूझ बघतो, मधली केबिन, खालच्या मजल्यावर, खिडकीसकट. आत्या, पासपोर्टची मुदत किती राहिलीय ते बघ. बरेच देश सहा महिने शिल्लक मागतात. पासपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकू नकोस, मला एकट्याला पाठव.